परसातले खुराडे बांधताना या चुका टाळा

गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची पंचवीस पिल्ले खोक्यात घालून घरी आणायची आणि महिन्याभराने ती पडवीत घाण करू लागली की मग पत्रा शोधायला निघायचे, हा प्रकार आमच्या कुडाळ परिसरात मी दर वर्षी पाहतो. अशा घाईत बांधलेल्या खुराड्यातल्या चुका ठरलेल्या असतात आणि त्या मुक्या पक्ष्यांच्या जिवावर बेततात.

सर्वांत वाईट चूक जाळीची. षटकोनी भोकांची, हाताने वाकणारी जी स्वस्त जाळी कोंबड्यांसाठी म्हणून विकली जाते, ती कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला अडवत नाही. माझे पहिले खुराडे मी तिनेच बांधले होते आणि तिची खालची कड जमिनीला नुसती टेकवून सोडली होती. श्रावणातल्या एका दुपारी, घरातली सगळी माणसे जेवून आडवी झाली असताना, मुंगूस त्या कडेखालची माती उकरून आत शिरले. माझी मूठ जेमतेम जाईल एवढेच ते भोक होते आणि वरच्या तारेला त्याचे करडे केस अडकलेले होते. अकरा तलंगांपैकी नऊ मेल्या होत्या. त्यांतली एकच खाल्लेली होती, बाकीच्यांच्या मानेवर फक्त दातांच्या खुणा होत्या. पंधरा दिवसांत त्या अंड्यावर येणार होत्या.

तेव्हापासून मी अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना पक्क्या सांधलेली कडक जाळीच लावतो, ती नुसत्या खिळ्यांवर न सोडता लाकडी पट्ट्यांखाली आवळतो, आणि फूटभर जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीत आडवी पुरून तिच्यावर चिरे ठेवतो. हा खर्च परवडत नसेल तर कोंबड्या कमी ठेवाव्यात, जाळी हलकी घेऊ नये.

दुसरी चूक मृगाच्या तोंडावर होते. पाऊस आत येऊ नये म्हणून लोक खुराडे चारही बाजूंनी ताडपत्रीने गुंडाळतात, आणि मग ओल्या शिटेतून सुटणारा अमोनिया आतच कोंडून राहतो. कोंबड्यांचे डोळे पाणावतात, श्वास घरघरतो, आणि मालक औषध आणायला धावतो. पहाटे दार उघडून कोंबडीच्या उंचीवर दोन मिनिटे बसावे. नाकाला झोंबले तर औषधाआधी हवा हवी असे समजावे. खाली अंथरलेल्या तुसाच्या अशा ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ओल्या शिटेवर चुना पडला की अमोनिया अधिकच सुटतो. ओली गादी काढून टाकून कोरडे भाताचे तूस तीन इंच पसरणे आणि ते दोन-तीन दिवसांनी खालीवर करणे, याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. पावसासाठी छपराची पागोळी तीन फूट बाहेर काढावी, जोते फूटभर उंच घ्यावे आणि छपराखाली वीतभर उंचीची जाळीची पट्टी बारमाही उघडी ठेवावी.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन थेट आत येत नाही. मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरावी. अंडी घालायच्या पेट्या बसायच्या दांडीपेक्षा खाली असाव्यात, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी शिटेने माखतात. दार माणूस उभा आत जाईल एवढे ठेवावे, कारण वाकून आत शिरावे लागते ते खुराडे कोणीही नीट झाडत नाही. बांबूच्या भेगांत गोचीड लपून बसतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात, म्हणून मी दांड्या रंधा मारलेल्या लाकडाच्या करतो.

खुराडे पूर्ण झाले की अंधार पडल्यावर मी आत बल्ब लावून ठेवतो आणि बाहेरून चारही बाजूंनी फिरतो. दाराच्या कडेतून, पत्र्याच्या नळ्यांखालून किंवा जोत्याच्या सांध्यातून जिथे बोटापेक्षा रुंद उजेड दिसतो, ती फट दुसऱ्या दिवशी बुजवतो. अशी सलग तीन रात्री पाहणी झाल्यावरच पिल्लांची मागणी नोंदवायला जातो.