सुटलेला प्रश्न परत उघडा: रिझनिंगची (तर्काच्या प्रश्नांची) प्रॅक्टिस कशी करायची

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नाहीतर विद्यापीठाकडच्या कुठल्याही अभ्यासिकेत जावा, टेबलावर रिझनिंगचं जाडजूड पुस्तक असतंच आणि पानापानावर पेन्सिलीनं टिकमार्क केलेले असतात. पोरं-पोरी मेहनत लई करतात, पण एखाद्या टिक केलेल्या प्रश्नावर बोट ठेवून विचारलं की हे कसं सुटलं, तर बऱ्याचदा "बसवत गेलो, बसलं" एवढंच उत्तर येतं. गाडी अडते ती इथंच. उत्तर जुळलं म्हणजे प्रश्न झाला असं धरून आपण पान उलटतो आणि परीक्षेत तोच प्रकार जरा फिरवून आला की परत पहिल्यापासून चाचपडायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दिवसाला प्रश्न कमी करा, पण सुटलेला प्रश्न परत उघडून बघा की वाट नेमकी कुठनं सापडली. ते कसं करायचं ते खाली सांगतो.

त्याआधी आपली परीक्षा कुठली आणि तिथं वेळ किती मिळतो ते नीट बघून घ्या. एमबीए सीईटीला 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, त्यात 75 लॉजिकल आणि 25 अ‍ॅबस्ट्रॅक्ट रिझनिंगचे, म्हणजे निम्मा पेपर हाच झाला आणि एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद. आयबीपीएसच्या पीओ प्रीलिमला, म्हणजे बँक अधिकारी भरतीच्या पूर्व परीक्षेला, रिझनिंगचे 35 प्रश्न 20 मिनिटांत. एमपीएससी आणि यूपीएससीच्या सीसॅटला, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला, 2 तासांत 80 प्रश्न, तिथं 200 पैकी 33 टक्के म्हणजे 66 मार्क पाडले की झालं, ते मेरिटला धरत नाहीत. आता बँकवाल्यानं सीसॅटसारखं निवांत बसून प्रश्न चघळत राहिलं तर चालणार नाही आणि सीसॅटवाल्यानं बँकेची आठ मजल्यांची, आठ माणसांची पझलं सोडवण्यात महिना घालवायचा काही कारण नाही, त्यानं उतारे आणि निष्कर्षांवर जास्त वेळ द्यावा.

आता एक प्रश्न उघडून दाखवतो. पाचजण एका ओळीत बसलेत, सगळ्यांची तोंडं उत्तरेला: कागलकर, पन्हाळकर, आजरेकर, शिरोळकर आणि राधानगरीकर. अटी अशा. कागलकर कुठल्याच टोकाला नाही. शिरोळकर आणि पन्हाळकर यांच्या मधे दोघेजण बसलेत. राधानगरीकर आजरेकरच्या उजवीकडे कुठंतरी आहे. आजरेकर शिरोळकरच्या लगेच उजवीकडे आहे. कोण कुठं बसलंय?

बहुतेकजण पहिल्या अटीपासून सुरू करतात, कारण ती पहिली लिहिलीय. पण ती अट तीन जागा मोकळ्या सोडते, तिनं काहीच आवळत नाही. पेन उचलायच्या आधी सगळ्या अटी एकदा वाचा आणि कुठली अट सगळ्यात कमी जागा ठेवते ते शोधा. इथं ती शिरोळकर-पन्हाळकरची. पाच खुर्च्यांत मधे दोघं ठेवायचे म्हटलं तर पहिली आणि चौथी, नाहीतर दुसरी आणि पाचवी, एवढ्याच जोड्या, आणि कोण आधी कोण नंतर धरलं तर चार शक्यता. लगेच तिला आजरेकरची अट जोडा. शिरोळकर पाचव्या खुर्चीवर असेल तर त्याच्या उजवीकडे खुर्चीच नाही, ती शक्यता गेली. राहिल्या तीन. त्या तिन्ही कागदावर एकाखाली एक मांडा, डोक्यात ठेवू नका.

पहिली मांडणी: शिरोळकर 1, आजरेकर 2, पन्हाळकर 4. दुसरी: पन्हाळकर 1, शिरोळकर 4, आजरेकर 5. तिसरी: शिरोळकर 2, आजरेकर 3, पन्हाळकर 5. आता राधानगरीकर आजरेकरच्या उजवीकडे पाहिजे, दुसऱ्या मांडणीत आजरेकर टोकालाच बसलाय, त्याच्या उजवीकडे कोणी नाही, खोडा. तिसऱ्या मांडणीत राधानगरीकरला 4 नंबर द्यावा लागतो, मग कागलकर जातो 1 नंबरला, म्हणजे टोकाला, ते चालत नाही, खोडा. राहिली पहिली. तिथं 3 आणि 5 मोकळ्या आहेत, कागलकर टोकाला नको म्हणून 3 आणि राधानगरीकर 5. डावीकडून शिरोळकर, आजरेकर, कागलकर, पन्हाळकर, राधानगरीकर. संपलं.

खरी प्रॅक्टिस इथनं पुढं सुरू होते. उत्तर जुळलं ना, आता कागलकरची अट झाकून ठेवा आणि परत सोडवा. आता तीन उत्तरं निघतात: वरचं एक, त्यातच कागलकर आणि राधानगरीकर यांची अदलाबदल केलेलं दुसरं, आणि कागलकर, शिरोळकर, आजरेकर, राधानगरीकर, पन्हाळकर हे तिसरं. म्हणजे जी अट सुरुवातीला बिनकामाची वाटत होती तीच शेवटी निकाल लावते. "टोकाला नाही", "शेजारी नाही" असल्या नकारी अटी सुरुवात करायला उपयोगाच्या नसतात पण शेवटी खोडायला लागतात, म्हणून त्या आधीच बाजूला फुली मारून लिहून ठेवायच्या. हे नियम म्हणून पाठ केलं तर दोन दिवसांत विसरतं, स्वतः अट काढून तीन उत्तरं निघालेली बघितली की विसरत नाही.

मग अजून एक करा. "लगेच उजवीकडे" मधला "लगेच" काढून बघा किती शक्यता वाढतात. सगळ्यांची तोंडं दक्षिणेला करा आणि उत्तर कसं पालटतं बघा, कारण मग त्यांची उजवी बाजू कागदावर आपल्या डावीकडे येते. एका प्रश्नातनं असे चार प्रश्न निघतात, ह्याला अर्धा तास लागला तरी लागू दे. हा अर्धा तास नवीन दहा पझलं रेटण्यापेक्षा जास्त देऊन जातो, याबद्दल मला अजिबात शंका नाही.

दुसरी गोष्ट, कागदाबाहेरची माहिती. रिझनिंगमध्ये हुशार पोरं सगळ्यात जास्त इथं मार खातात, कारण त्यांना माहिती जास्त असते. सिलॉजिझमचं, म्हणजे दिलेल्या विधानांवरनं निष्कर्ष निघतो का ते बघायच्या प्रकाराचं, उदाहरण घ्या: सर्व पैलवान खेळाडू आहेत, काही खेळाडू पोलीस आहेत. निष्कर्ष: काही पैलवान पोलीस आहेत. आपल्या भागात भरती झालेले पैलवान गल्लोगल्ली बघितलेत, त्यामुळं हात आपोआप "बरोबर" कडं जातो. पण वर्तुळं काढा. पैलवानांचं वर्तुळ खेळाडूंच्या आत, पोलिसांचं वर्तुळ खेळाडूंच्या वर्तुळाला कुठंतरी छेदतं, ते पैलवानांना लागलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? नाही. म्हणजे निष्कर्ष निघत नाही. मात्र "काही पैलवान पोलीस असण्याची शक्यता आहे" असं दिलं तर ते निघतं, कारण वर्तुळ तिथं लागायला अडवणारं काही नाही. आणि "काही पैलवान पोलीस आहेत" व "एकही पैलवान पोलीस नाही" असे दोन्ही निष्कर्ष दिले असतील, तर एकेकटा निघत नसला तरी दोन्हीपैकी एक खरा असणारच, तिथं "एकतर पहिला किंवा दुसरा" हा ऑप्शन शोधा. सिलॉजिझमला दरवेळी दोन चित्रं काढायची सवय लावा, एक जिथं निष्कर्ष बसतो आणि एक जिथं तो मोडतो. मोडणारं चित्र एक जरी निघालं तरी निष्कर्ष गेला.

विधान-गृहीतक, विधान-निष्कर्ष यातही हेच. समजा विधान असं आहे: "पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेल्यानं प्रशासनानं नदीकाठच्या गावांना सतर्क राहायला सांगितलं." गृहीतक एक, पाणी अजून वाढू शकतं. हे आहे, नाहीतर सतर्क राहायला सांगायचं कारणच काय. गृहीतक दोन, सांगितलेलं लोकांपर्यंत पोचेल आणि लोक त्यावर काहीतरी करतील. हेही आहे, सूचना देणारा एवढं धरूनच सूचना देतो. गृहीतक तीन, यंदा 2019 सारखा पूर येणार. हे नाही. पण ज्यानं 2019 चा पूर बघितलाय त्याच्या पोटात 39 आकडा वाचूनच गोळा येतो आणि तो तिसऱ्यालाही टिक करतो. दुसरं उदाहरण अजून बारीक आहे. विधानात नुसतं "पातळी 43 फूट झाली" एवढंच दिलं आणि निष्कर्ष दिला "नदीनं धोका पातळी गाठली", तर तो निघत नाही. कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पण माहितीय की 39 इशारा आणि 43 धोका, पण ते विधानात लिहिलेलं नाही, ते आपण घरनं आणलंय. असा प्रश्न सोडवून झाला की प्रत्येक टिकपुढं लिहा, हे विधानातल्या कुठल्या शब्दावरनं आलं. शब्द दाखवता आला नाही तर उत्तर बरोबर आलं असलं तरी तो प्रश्न चुकलेला धरा.

दिशांचे प्रश्न सोपे असतात, फक्त डोक्यात फिरत बसू नका, कागदावर वर उत्तर लिहून बाण काढा. सावलीचा प्रकार आला की गोंधळ होतो, त्याला आपल्याकडं एक पक्की खूण आहे. किरणोत्सवाला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात, म्हणजे देवी पश्चिमेला तोंड करून आहे. दर्शनाला समोर उभा असलेल्याचं तोंड पूर्वेला, त्याचा डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला, आणि सूर्य पाठीमागं म्हणून त्याची सावली त्याच्या पुढ्यात. संध्याकाळची सावली पूर्वेला, सकाळची पश्चिमेला, एवढं त्यातनंच निघतं.

नातेसंबंधाला पिढ्यांच्या ओळी आखा, आजी-आजोबा वर, आईवडील मधे, पोरं खाली, नवरा-बायको आडव्या रेघेनं जोडा. नावावरून बाई की पुरुष ठरवू नका, किरण, सुमन असली नावं मुद्दाम टाकलेली असतात. लांबलचक वाक्य असेल तर "माझ्या" शब्दापासून एकेक पायरी चढा: माझ्या वडिलांच्या वडिलांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे वडीलच. कोडिंगला, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरनं शब्द ओळखायच्या प्रकाराला, ई 5, जे 10, ओ 15, टी 20, वाय 25 एवढे पाच आकडे पाठ असले की बाकीची अक्षरं मागं-पुढं मोजता येतात, आणि उलटा क्रमांक पाहिजे असेल तर 27 मधनं वजा करा. अंकमालिकेत आधी शेजारच्या आकड्यांतले फरक लिहा. 7, 10, 16, 28, 52 दिसलं तर फरक 3, 6, 12, 24, दुप्पट होत चाललेत, पुढचा 48, उत्तर 100. ह्या तिन्ही प्रकारांना रोजची पंधरा-वीस मिनिटं पुरतात, इथं खोलात जाण्यासारखं फार काही नाही.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. तिच्यात प्रश्न उतरवत बसू नका, फक्त चूक कुठल्या जातीची ते लिहा. वाचताना शब्द सुटला, मांडणी चुकली, एक शक्यता तपासायची राहिली, का वेळ संपला म्हणून ठोकलं. दोन-तीन आठवड्यांनी वही चाळली की एकच कारण सारखं दिसायला लागतं. कोणाचं "फक्त", "किमान", "लगेच" असले शब्द सुटतात, कोण पहिली मांडणी जमली की दुसरी बघतच नाही. जे कारण जास्त वेळा आलंय त्याच प्रकारचे प्रश्न पुढच्या आठवड्यात घ्यायचे, पुस्तकाच्या क्रमानं जायचं नाही.

टायमर सुरुवातीला लावू नका. वाट पक्की झाल्यावर लावा, आणि मग मात्र न चुकता लावा. यूपीएससी आणि एमपीएससीचे जुने पेपर त्यांच्या वेबसाईटवर फुकट मिळतात, उत्तरतालिकेसकट, ते आधी संपवा, क्लासच्या सराव पेपरांना नंतर हात घाला. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देताना मोबाईल बॅगेत, आणि परीक्षेचा जो टाइम असेल त्याच टाइमला बसा. पहिली दोन मिनिटं पेपर चाळून कुठला सेट (एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा गट) घ्यायचा कुठला सोडायचा ते ठरवायची पण प्रॅक्टिस लागते, त्यासाठी नुसते सेट समोर ठेवून, न सोडवता, सोपा-अवघड अशी निवड करा आणि मग सोडवून बघा निवड बरोबर होती का. पझलमध्ये तीन मिनिटांत एकही माणूस पक्का बसला नाही तर सोडून पुढं चला.

आठवड्यातनं एकदा दोघा-तिघांनी मिळून रंकाळा तलावावर नाहीतर कुठंही शांत ठिकाणी बसा आणि एकानं सुटलेलं पझल दुसऱ्याला तोंडानं सांगा, पेन न उचलता, ही अट आधी का घेतली, ही मांडणी का खोडली. ऐकणाऱ्यानं दर पायरीला "कशावरनं?" विचारायचं. जिथं सांगणारा थांबतो ती पायरी त्यानं अंदाजानं टाकलेली असते, तेवढीच घरी जाऊन परत करा.

आणि अंदाजाचं म्हणाल तर ते परीक्षेवर आहे. एमबीए सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथं शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. बँकेला आणि एमपीएससीला चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांच्या पाव हिश्शाचा दंड आहे, यूपीएससीला एक तृतीयांश, तिथं निदान दोन ऑप्शन कारण देऊन खोडता आले तरच टिक करा. मॉकमध्ये असे अंदाजानं केलेले प्रश्न बाजूला खूण करून ठेवा आणि निकाल आला की आधी तेच उघडा, बरोबर आलेले सुद्धा.