मराठी एरर मेसेज देताना या चुका टाळा

साताऱ्यातल्या पतसंस्थेचा किंवा सांगलीतल्या हळद व्यापाऱ्याचा वेब फॉर्म केला, की ब्राउझरचा ‘प्लीज फिल आउट धिस फील्ड’ हा मेसेज मराठीत हवा असतो. पानाची भाषा मराठी लावून तो बदलत नाही. ब्राउझर स्वतःच्या सेटिंगमधल्या भाषेतच बोलतो. म्हणून आपला मेसेज लावणारं ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ हे जावास्क्रिप्ट फंक्शन वापरावं लागतं, आणि खरा घोळ इथंच होतो.

नेहमीची चूक: खानं तपासणीत नापास झालं की येणाऱ्या ‘इनव्हॅलिड’ इव्हेंटवर मेसेज लावला, पण काढला नाही. या फंक्शनला रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिली की ब्राउझर ते खानं चुकीचंच धरतो, आतली माहिती बरोबर असली तरी. ग्राहक नंबर दुरुस्त करतो, पुन्हा बटण दाबतो, मेसेज तसाच. शेवटी वैतागून फोन करतो. उपाय एका ओळीचा: टाइप करताना येणाऱ्या ‘इनपुट’ इव्हेंटवर रिकामी स्ट्रिंग देऊन मेसेज पुसा. मेसेज लावताना, नेमकं काय चुकलं ते सांगणारा ‘व्हॅलिडिटी’ ऑब्जेक्टही बघा. ‘व्हॅल्यूमिसिंग’ (खानं रिकामं) असेल तर ‘मोबाईल नंबर भरा’, ‘पॅटर्नमिसमॅच’ (ठरलेल्या नमुन्यात नाही) असेल तर ‘१० अंक हवेत, पुढे शून्य किंवा +९१ नको’. दोन्हीला ‘चुकीची माहिती’ एवढंच लिहिलं, तर माणसानं नेमकं काय करायचं?

पिन कोडचा नियम घाईत लिहू नका. सातारा जिल्ह्याचा पिन ४१५ नेच सुरू होतो असं धरलं, तर वाईचा ४१२८०३ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६ अडकतो. सांगलीला ४१६ धरलं, तर विट्याचा ४१५३११ बाहेर. स्वतःच्या गावाचा बरोबर पिन टाकणाऱ्याला ‘पिन चुकीचा आहे’ सांगणं फार वाईट दिसतं. सहा अंक आणि पहिला शून्य नको, एवढं तपासणं पुरे. खान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नका, त्यावर ‘पॅटर्न’ (नमुना) आणि ‘मॅक्सलेंग्थ’ (कमाल लांबी) या अटी चालतच नाहीत. ‘टेक्स्ट’ ठेवून ‘इनपुटमोड’ न्यूमेरिक द्या, म्हणजे मोबाईलवर अंकांचा कीबोर्ड येतो.

कोणी देवनागरी अंक टाइप केले तर? रेग्युलर एक्स्प्रेशनमधला, म्हणजे नमुना लिहायच्या चिन्हांमधला, ‘कुठलाही अंक’ या अर्थाचा ‘बॅकस्लॅश डी’ जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो, पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये मात्र देवनागरीही. म्हणजे ब्राउझर अडवतो ते पायथनमधला सर्व्हर पास करतो. तपासणीआधीच देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या.

नावाच्या खान्यात याहून बारीक खोच आहे. कुठलंही अक्षर चालावं म्हणून ‘बॅकस्लॅश पी’ पुढे महिरपी कंसात ‘एल’ लिहिला, तरी ‘सातारकर’ नापास होतो, कारण ‘एल’ हा नुसत्या अक्षरांचा गट आहे आणि काना-मात्रा युनिकोडमध्ये (अक्षरांच्या जागतिक संकेतांमध्ये) ‘एम’ या चिन्हांच्या गटात येतात. तोही गट जोडा. आडनाव-नाव एकत्र असेल तर स्पेस, आणि काही कीबोर्ड ‘ऱ्या’साठी झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात, तेही. किमान लांबीची ‘मिनलेंग्थ’ ही अटसुद्धा दिसणारी अक्षरं मोजत नाही, काना, वेलांटी, अनुस्वारही वेगळे मोजते: ‘सांगली’ डोळ्यांना तीन अक्षरी, मोजणीत सहा. त्यामुळे ‘किमान ३ अक्षरे’ हा नियम दोन अक्षरी ‘उमा’लाही पास करतो, कारण काना धरून तिथं तीन भरतात. मेसेज वाचणाऱ्याला हा हिशोब दिसत नाही, म्हणून नावाला किमान लांबीची अट न घातलेलीच बरी.

मेसेज खान्याच्या लगेच खाली ठेवा आणि ‘आरिया-डिस्क्राइब्डबाय’ या एचटीएमएल गुणधर्मानं खान्याशी जोडा, नुसत्या लाल चौकटीवरून दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला काही कळत नाही. ब्राउझरमधली तपासणी सहज टाळता येते, तेव्हा तेच नियम आणि तेच मराठी मेसेज सर्व्हरवरही लावा.