आतड्याच्या दाहाची जनुकं शोधताना : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी अडीच महिने मी जवळजवळ एकच जेल (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणारा थर) पुन्हा पुन्हा बघत होते. बँड, म्हणजे त्या तुकड्यांच्या रेषा, यायचे, चांगले ठसठशीत यायचे, पण प्रत्येक रुग्णाचे अगदी सारखे. क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या दाहाचा एक आजार, झालेल्या ६० जणांचा डीएनए, एकाच जनुकातल्या तीन जागा, आणि बदल एकाच्याही नमुन्यात नाही. एन्झाइम जुनं झालं असेल म्हणून नवं मागवलं. प्रायमर बदलले. एका रविवारी एकटीने येऊन सगळे नमुने पहिल्यापासून पुन्हा लावले. निकाल तोच.

सरांनी जेलचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "पॉझिटिव्ह कंट्रोल कुठाय?" ज्याच्या डीएनएमध्ये तो बदल नक्की आहे असा नमुना माझ्याकडे नव्हताच. तो बाहेरून मिळवायला आणखी दीड महिना गेला. तो लावला तेव्हा शेवटच्या लेनमध्ये जास्तीचा बँड स्वच्छ दिसला. म्हणजे माझा प्रयोग बरोबर होता. बदलच आपल्या रुग्णांमध्ये नव्हता.

ते जनुक म्हणजे नॉड-टू. २००१ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी, पॅरिसच्या युगो यांच्या आणि अमेरिकेतल्या जूडी चो आणि गॅब्रिएल नून्येझ यांच्या, हे क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक म्हणून जाहीर केलं. सोळाव्या गुणसूत्रावरचं हे जनुक जीवाणूंच्या भित्तिकेचे तुकडे ओळखणारं प्रथिन बनवतं. युरोपीय वंशाच्या माणसात त्यातल्या तीन ठरावीक बदलांमुळे क्रोन्सचा धोका काही पटींनी वाढतो आणि आई-वडील दोघांकडून बदल आला तर त्याहून बराच जास्त. पण जपान, चीन, कोरियात हे तीन बदल जवळजवळ सापडत नाहीत आणि भारतातही तीच गत. जपानी संशोधकांना २००५ मध्ये टीएनएफएसएफ१५ हे वेगळंच जनुक तिथल्या रुग्णांमध्ये ठळकपणे सापडलं होतं. हे सगळं छापून आलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण आपल्या टेबलावरचा निकाल पुस्तकाशी जुळला नाही की दोष आपल्या हातात आहे, असं मनात घट्ट बसलेलं असतं. तुमच्याही बसलेलं असेल. ते लवकर सुटावं म्हणून सुरुवात इथून केली.

आता मी इंग्लंडमध्ये याच आजारावर काम करते. एमएस्सी करणारी मुलं-मुली मेलवर विचारतात, "मॅडम, या क्षेत्रात यायचं तर काय शिकू? आर की पायथन?" या संगणकाच्या दोन्ही भाषा शिका, पण त्याआधी आजार शिका.

आयबीडी म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. त्याची दोन मुख्य रूपं. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात राहतो, गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि बहुतेक वेळा आतल्या अस्तरापुरताच असतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये चांगला भाग सोडून पुढे उमटतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो. त्यामुळे आतडं अरुंद होतं, भगंदर होतात. आपल्याकडे यात आणखी एक अवघड गोष्ट मिसळलेली आहे, ती म्हणजे आतड्याचा क्षयरोग. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्याच जागी तो बसतो, एंडोस्कोपीत तसेच व्रण दिसतात, बायोप्सीतही तशाच गाठी दिसू शकतात. अनुभवी डॉक्टरांनाही खात्री देता येत नाही, म्हणून पुष्कळांना आधी टीबीची औषधं दिली जातात आणि काही महिन्यांनी पुन्हा आत पाहिलं जातं.

याचा जनुकशास्त्राशी संबंध काय? सगळाच आहे. माझ्या यादीत ज्याच्यासमोर 'क्रोन्स' लिहिलंय तो खरोखर क्रोन्स नसेल, तर मी कितीही बारीक गणित केलं तरी सापडणारी खूण पुसट होणार. पहिल्या वर्षी माझ्या एक्सेल शीटमध्ये निदानाच्या रकान्यात सात ठिकाणी प्रश्नचिन्ह होतं. कोणी टाकलं, कधी टाकलं, पुढे त्या रुग्णाचं काय झालं, काही नोंद नव्हती. मी फाइल काढायला रेकॉर्ड रूममध्ये गेले. सातपैकी दोघं टीबीच्या औषधांनीच पूर्ण बरे झालेले होते. त्या दिवसापासून दर गुरुवारी मी ओपीडीत जाऊन बसायला लागले.

तिथे जे शिकले ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं. सोलापूरकडचे एक गृहस्थ यायचे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत अकरा वर्षांचे रिपोर्ट, वर्षवार रबर लावून ठेवलेले. दिवसातून किती वेळा जावं लागतं हे सांगताना आवाज खाली यायचा, एसटीचा प्रवास त्यांनी जवळजवळ सोडून दिला होता. रक्ताचा नमुना द्यायला त्यांनी लगेच हो म्हटलं, संमतिपत्र मी वाचून दाखवलं ते नीट ऐकलं, आणि मग विचारलं, "ताई, हे माझ्या पोराला होईल का?"

हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच आहे, म्हणून उत्तर आधीच समजून घ्या. जवळच्या नात्यात आजार असेल तर धोका वाढतो, पण मुळात धोका लहान असल्याने वाढूनही बहुतेक मुलांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला क्रोन्स असताना दुसऱ्याला तो नसलेल्या जोड्या भरपूर आहेत, आणि कोलायटिसमध्ये तर अधिकच. जनुकं दार किलकिलं करतात, आत येणाऱ्या बाकीच्या गोष्टी म्हणजे आतड्यातले जीवाणू, खाणं, धूम्रपान, लहानपणीची अँटिबायोटिक्स. काही थोड्या मुलांची गोष्ट वेगळी असते. अगदी तान्हेपणी सुरू होणाऱ्या तीव्र आजारात कधी एकच जनुक बिघडलेलं असतं. पेशी एकमेकींना पाठवतात त्या आयएल-१० या संदेशाच्या रिसेप्टरमधला (तो संदेश पकडणाऱ्या प्रथिनातला) असा दोष २००९ मध्ये दाखवला गेला, आणि तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार आवरता येतो. मोठ्या माणसाच्या आजाराला हे लागू करू नका. त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं की मुलाची आत्ता कुठलीही जनुकीय तपासणी करायची गरज नाही, आणि त्याने विडी-सिगारेटला हात लावू नये.

आता गणिताकडे येऊ. पूर्ण जनुकपटल (माणसाचा सगळा डीएनए) तपासायचं म्हणजे लाखो जागा एकाच वेळी रुग्ण आणि निरोगी लोकांत पडताळायच्या. ०.०५ ही नेहमीची मर्यादा दहा लाख चाचण्यांनी भागा, मग जो अतिसूक्ष्म आकडा येतो त्याच्या खाली गेल्याशिवाय कोणी तुमचं ऐकत नाही. त्यासाठी हजारो नमुने लागतात. २००६ मध्ये आयएल-२३ या दुसऱ्या संदेशाच्या रिसेप्टरमधला बदल सापडला, तो तर धोका कमी करणारा निघाला, आणि आयएल-२३ च्या मार्गावर काम करणारी औषधं आज क्रोन्सच्या रुग्णांना दिली जातात. २००७ मध्ये एटीजी१६एल१ हे जनुक सापडलं, त्यातून पेशी आतला कचरा कसा पचवते याकडे लक्ष गेलं. २०१२ पर्यंत आयबीडीशी जोडलेल्या १६३ जागा झाल्या होत्या, २०१७ मध्ये साधारण २४०. पण जागा म्हणजे जनुक नव्हे. बहुतेक जागा जनुकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडतात, आणि तिथून कोणतं जनुक हलतं हे शोधायला वर्षं जातात.

माझं पहिलं मोठं विश्लेषण बघून मी हरखून गेले होते. मॅनहॅटन प्लॉटवर (प्रत्येक जागेचा निकाल ठिपक्याने दाखवणाऱ्या आलेखावर) तीन उंच मनोरे, तिन्ही कोणालाच न सापडलेले. घरी फोन करून सांगितलंसुद्धा. दोन दिवसांनी एका सिनियरने विचारलं की रुग्णांचे नमुने कोणत्या प्लेटवर होते. रुग्ण सगळे एका बॅचमध्ये वाचले गेले होते आणि कंट्रोल, म्हणजे निरोगी लोक, दुसऱ्या बॅचमध्ये. तिन्ही मनोरे मशीनमधल्या फरकाचे होते. प्लेट लावतानाच रुग्ण आणि कंट्रोल मिसळून लावा, कोणता नमुना कोणत्या खाचेत आहे ते वहीत हाताने लिहा, आणि नवं काही दिसलं की आधी कच्च्या सिग्नलचे ठिपके डोळ्यांनी बघा. प्लिंक (जनुकीय विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि आर चालवणं महिनाभरात येतं, ही सवय लागायला वर्ष लागतं.

मोकळ्या पट्ट्याचं कोडं कसं सुटतं हे समजून घ्यायचं असेल तर लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स ली यांच्या गटाचं २०२४ चं काम नीट अभ्यासा. एकविसाव्या गुणसूत्रावरचा जनुकं नसलेला एक भाग आयबीडीशी जोडलेला आहे हे बरीच वर्षं माहीत होतं. तोच भाग मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी आणि टाकायासू या रक्तवाहिन्यांच्या दाहाशीही जोडलेला. त्यांनी दाखवलं की तिथलं एक बटण दूरवरच्या ईटीएस-टू जनुकाला जोर देतं, तेही मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, आणि तो जोर वाढला की त्या पेशी दाहाच्या सगळ्या कामांना एकदम लागतात. मग कर्करोगासाठी वापरात असलेली एमईके हे प्रथिन रोखणारी औषधं त्यांनी रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांवर लावली आणि दाहाचे संदेश उतरले. मला यात सर्वात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे योग्य पेशी निवडणं. चुकीच्या पेशीत तेच बटण काहीही करताना दिसलं नसतं.

भारतातलं चित्र आता रिकामं नाही. लुधियानाचे डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघरी पाहणी करून २००३ मध्ये दाखवलं की कोलायटिस तिथे दर लाखामागे सुमारे ४४ जणांना आहे. तोवर हा पाश्चात्त्यांचा आजार समजला जाई. पुढे त्यांच्याबरोबर दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. बी. के. ठेल्मा यांच्या गटाने उत्तर भारतीय रुग्णांवर जनुकपटलाचा अभ्यास केला, २०१५ मध्ये तो आला, आणि त्यातल्या खुणा एचएलएच्या (रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या) पट्ट्यात होत्या. महाराष्ट्रातल्या रुग्णांवर करण्यासारखं मात्र अजून पुष्कळ पडलेलं आहे.

रुग्णाच्या सर्वात जवळचं काम मला औषधांच्या जनुकांचं वाटतं. अझाथायोप्रिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध आपल्याकडे भरपूर दिलं जातं, स्वस्त आहे. काहींच्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायक खाली येतात, मूठ-मूठ केस गळतात. युरोपात यासाठी टीपीएमटी हे जनुक तपासत. २०१४ मध्ये कोरियन रुग्णांवरून कळलं की आशियाई लोकांत एनयूडीटी१५ हे जनुक जास्त महत्त्वाचं आहे. एका जागेची तपासणी, ज्याने एखादी मुलगी आयसीयूत जाण्यापासून वाचू शकते. मोठ्या जागतिक शोधांच्या मागे न लागता असा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याचं मला फार कौतुक आहे.

वाट नेहमीचीच. बायोटेक, मायक्रो, झूलॉजी, स्टॅटिस्टिक्स, कोणतीही एमएस्सी चालते, एमबीबीएस करून येणारेही आहेत. सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची बेट परीक्षा द्या. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला) २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झालं की ४२ हजार. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी ठेवा. बायोप्सी तुमच्या वेळेत येत नाही. दुपारी दोनला एंडोस्कोपी संपते, तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, तो थंड द्रवात टाकून लगेच पळावं लागतं, कारण पेशी मरायला लागलेल्या असतात. जेवण राहतं. मी बॅगेत शेंगदाण्याची चिक्की ठेवायचे, अजूनही ठेवते.

गाइड निवडताना पेपरांची यादी बघण्याआधी मेलमध्ये तीन गोष्टी विचारा. नमुने कोणत्या रुग्णालयातून येतात, निदानाची नोंद कोण करतं, आणि टीबी नाही हे किती महिन्यांनी ठरवतात. ज्या प्रयोगशाळेतून तिसऱ्या प्रश्नाला लांबलचक उत्तर येईल, तिथे मुलाखतीला जा.