जुन्या रायफलीत काडतूस भरताना या चुका टाळा

चोपड्याकडे माझ्या मामांकडे आजोबांची .३१५ रायफल आहे, परवान्यासकट. गेल्या दिवाळीत त्यांनी पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेतून काडतुसांचा जुना डबा काढला आणि म्हणाले, "पितळ चकचकीत शे, त्याले काय व्हनार शे?"

पहिली चूक हीच. पितळ चकचकीत असलं तरी आतली दारू ठीक असेल असं नाही. या काडतुसांतली धूरविरहित दारू (काळ्या दारूनंतर आलेली, जास्त जोरदार) उष्णतेने विघटित होते आणि आपल्याकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो. पत्र्याखाली तर भट्टीच. अशी दारू अर्धवट जळली की गोळी नळीतच अडकते. त्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. आवाज फुसका आला की थांबा, रायफल रिकामी करा, नळी आरपार दिसते का पाहा. नुसताच 'खट' आवाज झाला तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान मिनिटभर थांबा, बार उशिरानेही उडतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे काळ्या दारूच्या रायफलीत धूरविरहित दारू. १८७१ ची मार्टिनी-हेन्री रायफल ८५ ग्रेन (वजनाचं छोटं माप) काळी दारू आणि ४८० ग्रेनच्या गोळीसाठी बनली होती. "अर्धंच माप भरू" हा हिशेब इथे चालत नाही. मापाने अर्धी भरलेली धूरविरहित दारूही जीवघेणा दाब निर्माण करू शकते. ब्रिटिश अधिकारी आउटरमने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली, त्या काळाच्या ठासणीच्या बंदुका कुणाच्या वाड्यात असतील तर त्या भिंतीवरच शोभतात.

दिसायला .३१५ आणि .३०३ रायफली सारख्या, पण काडतुसं वेगळी. नळीवरचा शिक्का वाचा, काडतुसाच्या बुडावरचा वाचा, दोन्ही जुळले तरच भरा. .३०३ मध्येही फरक आहेच: १८८८ साली ती काळ्या दारूवर सुरू झाली, कॉर्डाइट ही धूरविरहित दारू नंतर आली. तिच्या उष्णतेने नळीतल्या मेटफर्ड पद्धतीच्या उथळ आट्या (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) लवकर झिजत, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल आट्या आल्या.

झाडलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळ) फेकू नका. बुडाच्या थोडं वर गोल चमकदार पट्टा दिसला तर पितळ ताणलंय, पुढची पुंगळी तिथेच तुटू शकते. रायफल कारागिराकडे न्या, गोळीबार बंद ठेवा.

जुन्या काडतुसांच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी उडाल्यावर नळीत क्षार उरतात. ते तेलाने निघत नाहीत. आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल.

मामांचा डबा शेवटी परवानाधारक दुकानात जमा झाला.