बेने इस्रायली शेजाऱ्यांच्या चालीरीती समजून घेताना या चुका टाळा

अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या पट्ट्यात आणि पुढे मुंबई-ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायली समाजाशी आपला शेजार जुना आहे. तरीही या मराठीभाषक ज्यू समाजाच्या श्रद्धा समजून घेताना आपण ठरावीक ठिकाणी अडखळतो. त्याचे मुख्य कारण असे, की अनोळखी चाल दिसली, की आपण तिला लगेच ओळखीच्या एखाद्या धर्माच्या खणात टाकून मोकळे होतो.

पहिली गफलत नावाची. ‘इस्रायली’ म्हटले, की आता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देश येतो. तो देश १९४८ मध्ये स्थापन झाला आणि अलिबागची इस्रायल आळी त्याच्या कितीतरी आधीची आहे. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे, आणि इथे इस्रायल हे बायबलमधील याकोबाचे दुसरे नाव आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही समाजाची परंपरागत कथा. ती इतिहासाच्या कागदपत्रांनी सिद्ध झालेली घटना म्हणून सांगू नये, आणि भाकडकथा म्हणून उडवूनही लावू नये. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, पाळण्याची ही खूण शेजाऱ्यांनीच नावात जपली, असे म्हणायला हरकत नाही. किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे ऐकून माणूस हिंदूच असणार, असे धरून चालणे ही याच चुकीची दुसरी बाजू. उलट, मुंबईच्या डॉ. ई. मोझेस मार्गाचे नाव वाचून कित्येक जण ते एखाद्या ख्रिस्ती गृहस्थांचे समजतात. प्रत्यक्षात मुंबईचे महापौरपद भूषवलेले ते डॉक्टर बेने इस्रायली होते.

दुसरी गफलत तुलनेची. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ‘ज्यूंचे चर्च’ म्हणणे समाजातल्या कोणालाही रुचत नाही. कोकणात मात्र सिनेगॉगला जुनी माणसे सर्रास ‘मशीद’ म्हणत आली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले शाआर हारहामीम हे सिनेगॉग याच नावाने ओळखले जाई. तेव्हा एखाद्या आजीच्या तोंडी ‘मशीद’ आली, तर तिचा गोंधळ झाला आहे असे समजून तिची दुरुस्ती करायला जाऊ नये.

सर्वांत जास्त घोटाळा सणांच्या नावांवरून होतो, आणि तो मी स्वतः केलेला आहे. आमच्या शेजारच्या आजींकडे ‘दारफाळणीचा सण’ आहे एवढे कानावर आले, म्हणून मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. दार बराच वेळ उघडले नाही. उघडले तेव्हा आजी पांढऱ्या साडीत होत्या. पुडा त्यांनी फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, “आज कडकडीत उपास रे बाबा, पाणीसुद्धा नाही. उद्या शिळा सण, तेव्हा खाऊ.” दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, या दिवशी दारे लावून घेऊन बाहेरच्यांशी संपर्क टाळण्याची जुनी रीत होती, त्यावरून हे नाव पडले. तसेच अव महिन्याच्या नवमीचा, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. वालाचे बिरडे आणि फारसीतून आलेला ‘रोजा’ एकाच नावात पाहून काही अभ्यासू मंडळी लगेच “म्हणजे हे सगळे उसने घेतलेले” असा निष्कर्ष काढतात. तो घाईचा आहे. शब्द आणि जिन्नस कोकणातले असले, तरी तिथी हिब्रू पंचांगाची आणि शोकही त्याच परंपरेचा आहे.

मलिद्याबाबतही हेच. भिजवलेल्या गोड पोह्यांत खोबरे, सुका मेवा, वेलची घालून भोवती फळे मांडलेले ताट पाहून आपण पटकन ‘प्रसाद’ म्हणतो. तिथे मूर्ती नसते आणि ताट कोणाला नैवेद्य म्हणूनही दाखवले जात नाही. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करून एकाच ईश्वराचे आभार मानले जातात, आणि झाडावरचे फळ व जमिनीतून आलेले पीक यांसाठी हिब्रूतील वेगवेगळे आशीर्वाद म्हटले जातात. नवस फेडताना किंवा लग्नकार्यात मलिदा हमखास असतो. (एलियाहूच्या रथाची खूण ज्या खडकावर दाखवतात, ते खंडाळे अलिबागजवळचे आहे, लोणावळ्याच्या खंडाळ्यात शोधायला जाऊ नये.)

जेवायला बोलावताना “डुक्कर नाही ना, मग चालेल” एवढ्यावर थांबू नये. खवले आणि पर असलेलीच मासळी चालते, म्हणून कोळंबी, खेकडे आणि शिंपल्या बाद. मांस विहित पद्धतीने कापलेले लागते आणि त्यासोबत दूध, दही, तूप येत नाही; त्यांच्या घरच्या मटणाच्या रश्शात नारळाचे दूध दिसते, ते या नियमात बसते म्हणून. पाळणूक घरागणिक कमीजास्त असते, त्यामुळे आधी विचारून घेणे बरे. न विचारता काही न्यायचेच असेल, तर अख्खी फळे न्यावीत.

सगळे भारतीय ज्यू एकच, हीही समजूत सोडावी. पुण्याचे लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे सिनेगॉग डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने बांधवले. बगदादी आणि कोचीच्या ज्यूंची घरची भाषा, पाककृती आणि प्रार्थनेची चाल बेने इस्रायलींहून निराळी आहे. “पण तुम्ही खरे ज्यू का?” हा प्रश्न तर कोणीच कोणाच्या ओटीवर बसून विचारू नये. इस्रायलमधील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत हीच शंका घेतली होती, तेव्हा समाजाने दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

सिनेगॉग पाहायला जायचे झाल्यास आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पुरुषांनी डोके झाकावे. पश्चिमेच्या भिंतीवर पडद्यामागच्या कपाटात हाताने लिहिलेल्या तोराहच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या असतात; “देव कुठे आहे?” असे विचारत तो पडदा सारू नये. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ असतो. त्या काळात फोटो काढू नयेत आणि देणगीचे पाकीटही पुढे करू नये, कारण त्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत. देणगी रविवारी नेऊन द्यावी.