तिसरा हिरवा दिवा

चाकं आत ओढली जाणारं विमान शिकायला घेतलं की पहिल्या दिवसापासून एकच घोकायला लावतात: 'गिअर डाउन, थ्री ग्रीन', म्हणजे गिअर (चाकं) खाली, तीन हिरवे दिवे. चाक खाली येऊन लॉक झालं की त्याचा दिवा लागतो. नाकाच्या चाकाचा एक दिवा, डाव्याचा एक, उजव्याचा एक. एकदा मी एकटीच उडत होते. उतरायला आले, डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने उडताना, गिअरचा लिव्हर खाली केला, पंप घरघरला, थांबला आणि दिवे लागले दोनच. उजवा काळाच.

पोटात गोळा आला. त्या क्षणी हात भराभर काहीतरी करायला धावतात. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी हात आवरा. टाकीत इंधन आहे तोवर तुमच्याकडे वेळ आहे. मी कंट्रोल टॉवरला सांगितलं, सर्किट (उतरण्याआधीचा धावपट्टीभोवतीचा ठरलेला फेरा) सोडून वर गेले आणि मैदानाजवळच घिरट्या घालू लागले. दीड तासाचं इंधन होतं. किती वाजता उतरायचंच, ती वेळ गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून ठेवली.

मग आधी दिव्यावरच संशय घ्यायचा. काही विमानांत पॅनलचे दिवे लावले की गिअरचे दिवे मंद होतात आणि दिवसा ते विझल्यासारखेच दिसतात. मी ते बटण पाहिलं, बंद होतं. सर्किट ब्रेकरही जागेवर होता. मग उजवा बल्ब उपसून काढला. नखाएवढा बल्ब, घामेजलेली बोटं. तो निसटला आणि पेडलपाशी गेला. शोधायला वाकले, मान वर केली तर अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, तीनशे फूट उतरलेला.

तेव्हा जे आठवलं ते प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला ठाऊक हवं. 29 डिसेंबर 1972 ला ईस्टर्न एअर लाइन्सचं फ्लाइट 401 मायामीजवळच्या दलदलीत कोसळलं. नाकाच्या चाकाचा दिवा लागला नव्हता आणि कॉकपिटमधले सगळे त्यातच गुंतले होते. विमान उंची सोडतंय हे वेळेत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. 1978 मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेडचं फ्लाइट 173 गिअरची शहानिशा करता करता इंधन संपून पडलं. ती मोठी जेट विमानं होती, पण लहान विमानात तर दुसरी नजरही नसते. बल्ब पडला तर पडू द्या.

मी डावा, लागलेला बल्ब काढून उजव्या खोबणीत बसवला. अंधारच. म्हणजे दोष बल्बात नव्हता.

पुढे चेकलिस्ट. इथे विमानागणिक रीत वेगळी. चाकं आत ओढणाऱ्या बऱ्याच सेस्ना विमानांमध्ये दोन सीटच्या मध्ये हातपंप असतो. जुन्या बोनान्झा विमानात पुढच्या सीटमागची क्रँक जवळपास पन्नास वेळा फिरवावी लागते. पायपर अ‍ॅरोमध्ये चाकं हायड्रॉलिक दाबावर वर राहतात; दाब सोडला की स्वतःच्या वजनाने खाली येतात, त्यासाठी वेग आधी कमी करावा लागतो. हे इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, पुरेशा उंचीवर, हाताने करून बघा. वाचून कळतं, पण अंधारात सीटमागे चाचपडताना ते वाचलेलं कामी येत नाही. मी माझ्या मॅन्युअलप्रमाणे सगळं केलं, रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) विमान डावी-उजवीकडे हलवूनही पाहिलं. दिवा नाहीच.

टॉवरजवळून कमी उंचीवरून गेले. टॉवरने सांगितलं, "तिन्ही चाकं खाली दिसताहेत." दिसताहेत एवढंच, लॉक झालंय का, ते जमिनीवरून कळत नाही.

मग लांब धावपट्टी मागितली, अग्निशमन गाडी मागितली. मागायला अजिबात संकोचू नका. सुटं सामान बांधलं, पट्टे आवळले, दाराची कडी उघडी ठेवली, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकणार नाही. चाक दुमडलं तर प्रोपेलर वाचावा म्हणून हवेतच इंजिन बंद करावं असं सांगणारे भेटतील. माझं स्पष्ट मत: नवख्याने त्या फंदात पडू नये. गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा, मार्ग त्याने बंद होतो, आणि इंजिन काय, नंतर दुरुस्त करता येतं.

डावं चाक आधी टेकवलं. एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) डावीकडे देत उजवा पंख जितका वेळ उचलून धरता येईल तितका धरला. मग उजवं टेकलं आणि त्याने भार तोलला. टॅक्सी केली नाही, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेलं नाही. धावपट्टीवरच थांबून सगळं बंद केलं.

जॅकवर घेतल्यावर मेकॅनिकने दाखवलं: चाक पहिल्यापासून लॉकच होतं. लॉकची खबर देणाऱ्या छोट्या स्विचवर ग्रीस आणि मातीचा थर बसला होता. त्याने फडक्याने तो पुसला. मी सीटखाली सापडलेला बल्ब रिकाम्या डाव्या खोबणीत बसवून मास्टर स्विच चालू केला. तिन्ही दिवे लागले.