पवनचक्कीच्या आवाजाची मर्यादा ठरवताना आणि तपासताना या चुका टाळा

पवनचक्क्यांच्या आवाजाची तक्रार झाली की बऱ्याचदा माणसं दुपारी येतात, रस्त्याकडेला मीटर धरतात, आकडा टिपतात आणि उन्हं कलायच्या आत परततात. तक्रार मात्र रात्री दोनची असते.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. दिवसा तापलेली हवा वरखाली ढवळत राहते, त्यामुळे जमिनीलगतच्या आणि शंभर मीटरवरच्या वाऱ्यात फार तफावत नसते. सूर्य मावळला, जमीन गार पडली की ढवळणं थांबतं. अंगणात पान हलत नाही आणि वर पाती जोरात फिरत असतात. पानांची सळसळ नाही, म्हणजे चक्कीचा आवाज झाकायलाही काही नाही. जर्मनी-नेदरलँड्स सीमेवर ऱ्हेडे इथल्या १७ चक्क्यांजवळ फान डेन बर्ग या संशोधकाने नेमकं हेच मोजलं. २००४ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात रात्री हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्यभागाच्या) उंचीवरचा वारा अंदाजाच्या २.६ पटींपर्यंत आणि आवाज १५ डेसिबलपर्यंत जास्त भरला. १,९०० मीटरवर राहणारेही त्रास होतो म्हणत होते.

म्हणून मोजणी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत हवीच, आणि वाऱ्याचा वेग हबच्या उंचीवरचा घ्यायचा. चक्कीच्या स्काडा यंत्रणेत, म्हणजे तिच्या कामाची आपोआप नोंद ठेवणाऱ्या संगणकात, दर दहा मिनिटांचा वारा, फेरे आणि वीजनिर्मिती नोंदलेली असते. ती नोंद मिळेल असं मोजणीआधीच लेखी घ्या. ती नसेल तर चक्की त्या वेळी पूर्ण जोरात होती की निम्म्या, हे कधीच सिद्ध होत नाही.

ऋतूही बघा. चाळकेवाडी, वनकुसवडे या साताऱ्याकडच्या पठारांवर खरा वारा पावसाळ्यात असतो. थंडीतल्या शांत आठवड्यात घेतलेलं माप तिथे निरुपयोगी. पण भर पावसातलंही तसंच: पत्र्यावरच्या सरी, ओढा, बेडूक, रातकिडे सगळे मीटरमध्ये शिरतात. यंत्र काही आठवडे लावून ठेवा आणि पावसाची दहा-दहा मिनिटं नंतर वगळा.

आता मर्यादेचं. ‘रात्री ४५ डेसिबल’ एवढंच लिहून थांबू नका. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत, तेही सरासरी पातळीचे (एलईक्यू). ब्रिटनमध्ये मर्यादा एलए९० वर, म्हणजे ९० टक्के वेळ ओलांडल्या जाणाऱ्या पातळीवर ठरते. पवनचक्कीच्या आवाजात ती सरासरीपेक्षा साधारण २ डेसिबलने कमी येते. डेन्मार्कमध्ये मोकळ्या मुलखातल्या घरासाठी वारा सेकंदाला ६ मीटर असताना ४२ आणि ८ मीटर असताना ४४ डेसिबल. एका पद्धतीचा आकडा उचलून दुसऱ्या पद्धतीने तपासला तर निकाल चुकणारच. कोणतं माप, कोणत्या वाऱ्याला, कुठल्या जागी आणि चक्क्या एकूण किती धरून, हे सगळं अटीत लिहा.

अंतरावर विसंबणं ही आणखी एक चूक. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटर अंतर सांगितलं आहे. पण सारख्या आवाजाच्या दोन चक्क्या मिळून ३ डेसिबल वाढवतात, तर एका चक्कीपासूनचं अंतर दुप्पट केल्यावर जेमतेम ६ कमी होतात. पठाराच्या पायथ्याच्या घरांना तर दुहेरी फटका: वर वारा, खाली आडोशामुळे शांतता.

भोवतालचा आवाज वजा करायला विसरू नका. चक्क्या चालू असताना ४६ आणि बंद असताना ४३ आले, तर चक्क्यांचा वाटा ४३. मात्र दोन्ही वेळी वारा सारखाच हवा. फरक ३ पेक्षा कमी असेल तर त्या मापावरून निष्कर्ष काढू नका.

मीटर भिंतीपासून साडेतीन मीटर तरी दूर, तिकाटण्यावर, वाऱ्याची घरघर अडवणारा स्पंज लावून ठेवा. मोजणीआधी आणि नंतर कॅलिब्रेट करा, म्हणजे ठरावीक पातळीच्या आवाजावर मीटर बरोबर दाखवतो का ते पडताळा. मोबाईलचं ॲप डायरीपुरतं ठीक, पुरावा म्हणून नाही.

आकडा मर्यादेत आहे, तरी घरातले झोपत नाहीत? मग सरासरी बाजूला ठेवून ध्वनिमुद्रण ऐका. तीन पात्यांचा सेकंदाला साधारण एक असा ‘फस्स... फस्स’ ठेका सरासरीत विरघळून जातो, कानातून मात्र जात नाही. बारीक शिट्टी नव्याने सुरू झाली असेल तर पात्याची झिजलेली कड किंवा भोक तपासायला लावा. एकसुरी घरघर असेल तर गिअरबॉक्स. पात्याच्या मागच्या कडेला दातेरी पट्ट्या बसवणं किंवा रात्री फेरे कमी करणं हे उपाय कंपन्यांकडे असतात. ते केल्यावर फेरमोजणी त्याच अंगणात, तशाच वाऱ्याच्या रात्री घ्या, आणि त्या घरातल्या माणसांना आकड्यांचा कागद हातात द्या.